कमी पैशांतला सणाचा भयपट: ‘हॅलोवीन’ (१९७८) खरोखर किती चांगला आहे, आणि येळवसेवर असे काही बेतता येईल का?

मांजराकाठ, लातूर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या लातुरातील चित्रपट अभ्यास मंडळात पुढच्या महिन्यात जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा ‘हॅलोवीन’ दाखवायचे ठरले आहे आणि नंतरच्या चर्चेचे प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १९६३ सालच्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे अमेरिकेत मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या हॅलोवीनच्या सणाच्या रात्री, मायकल मायर्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा थोरल्या बहिणीचा खून करतो, पुढची पंधरा वर्षे मनोरुग्णालयात एक शब्दही न बोलता काढतो आणि १९७८ च्या सणाच्या आदल्या रात्री तिथून निसटून आपल्या गावी परततो. सणाच्या रात्री गावातल्या काही मुली शेजाऱ्यांची लेकरे सांभाळायला त्यांच्या घरी थांबलेल्या असतात. पुढे जे घडते ते या मुली आणि तो मुखवटेवाला यांच्यात.

तयारी करताना जे वाचनात आले त्यावरून या चित्रपटाची काटकसर थक्क करणारी आहे. एकूण खर्च सुमारे ३ लाख २५ हजार डॉलर, चित्रीकरण सुमारे वीस दिवसांचे, आणि एकट्या अमेरिकेतील तिकीटविक्री साधारण ४ कोटी ७० लाख डॉलरांची. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्कचा दोन डॉलरांहूनही स्वस्त मिळालेला रबरी चेहरा. त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली आणि वरून पांढरा रंग फवारला. कथा इलिनॉय राज्यातील पानगळीच्या दिवसांत घडते, पण चित्रीकरण झाले कॅलिफोर्नियात आणि तेही वसंत ऋतूत. त्यामुळे रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची आणि दृश्य संपले की तीच गोळा करून पुढच्या दृश्याला वापरायची, असा सगळा खटाटोप चालला होता. बारकाईने पाहिले तर मागची झाडे हिरवीगार आहेत आणि एखाद्या दृश्यात ताडाची झाडेही डोकावतात.

यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ सभासदांच्या मते हा चित्रपट निर्दोष आहे आणि त्यातला प्रत्येक कच्चा दुवा म्हणजे दिग्दर्शकाची खेळी आहे. तरुण सभासद म्हणतात की पहिला तासभर काही घडतच नाही, रक्त जवळजवळ दिसत नाही, पात्रे डोके गहाण ठेवल्यासारखी वागतात, आणि आपण जुने ते सोने म्हणून त्याला डोक्यावर घेतो. मला स्वतःला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. सहाव्या वर्षापासून कोंडलेला मुलगा एकविसाव्या वर्षी सराईतपणे मोटार कशी चालवतो, या प्रश्नावर चित्रपटातलेच एक पात्र कोणीतरी शिकवले असेल म्हणून वेळ मारून नेते. याला खेळी म्हणणे म्हणजे अंधभक्तीच झाली. दुसरीकडे, असेच कथानक घेऊन नंतर आलेले कितीतरी चित्रपट पाहून विसरलो, हा मात्र विसरता येत नाही.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, यातील उणिवा पैशांच्या चणचणीतून आल्या आहेत की लेखनातून, आणि बलस्थाने नेमकी कुठे आहेत? दुसरा प्रश्न मंडळातल्या एका मित्राचा आहे. त्याला वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात जाऊन पूजा आणि पंगत करण्याच्या आपल्या येळवसेच्या, दिवशी घडणारा लघुपट करायचा आहे. सगळे गाव शेतावर गेलेले, बाजारपेठ बंद, रस्ते ओस, असा दिवस भयकथेला आयताच मिळतो, असे त्याचे म्हणणे आहे. मला भीती वाटते ती अशी की, हॅलोवीनच्या भोपळ्यांच्या जागी येळवसेच्या पूजेसाठी शेतात उभारतात ती कडब्याची कोप ठेवली एवढाच फरक उरेल आणि बाकी सगळी नक्कल होईल.

गोदेवरचा, नांदेड

आपण पहिला प्रश्न योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे, पण मी त्यात थोडी भर घालीन. पैसे कमी होते हे सगळेच सांगतात. जे थोडे होते ते कुठे घातले, हे पाहिल्यावर या माणसाची बुद्धी कळते. कलावंत जवळजवळ सगळे नवखे घेतले, जेमी ली कर्टिस यांचा तर हा पहिलाच चित्रपट होता. कपडे साध्या दुकानातून घेतले. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत हात आखडता घेतला नाही आणि पॅनाव्हिजनचा रुंद पडदा निवडला. स्वस्तातल्या भयपटाला इतका रुंद पडदा कशाला, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर पडद्यावरच आहे. लॉरी नावाची नायिका चौकटीच्या एका कडेला उभी असते, उरलेली दोन तृतीयांश जागा रिकामी असते, आणि प्रेक्षक त्या रिकाम्या जागेकडे आपोआप पाहू लागतो. तिथे बहुतेक वेळा कोणीही येत नाही. आपल्या डोळ्यांना ही सवय लागली की मग दिग्दर्शकाला खर्चच उरत नाही, कारण भीती आपणच तयार करीत असतो.

तरुण सभासद ज्या पहिल्या तासाला संथ म्हणतात तो याच सवयीसाठी आहे. त्यांना एवढेच पाहायला सांगा की या तासातले सर्वांत अस्वस्थ करणारे क्षण भर दुपारचे आहेत. वर्गात बसलेली लॉरी खिडकीबाहेर पाहते तर रस्त्यापलीकडे मायकलची मोटार उभी असते. शाळेतून परतताना कुंपणाच्या झुडपाआडून तो क्षणभर दिसतो. घरी आल्यावर वाळत घातलेल्या चादरींमध्ये तो उभा असतो आणि पुन्हा पाहिले की नसतो. उन्हात, धुणे वाळत असलेल्या अंगणात माणूस नुसता उभा करून धडकी भरवायला पैसा लागत नाही. ते दृश्य किती क्षण ठेवायचे आणि कधी तोडायचे, एवढे मात्र नेमके कळावे लागते.

छायालेखक डीन कंडी यांचे एक दृश्य मी मुद्दाम सांगतो. शेवटच्या भागात लॉरी एका अंधाऱ्या खोलीच्या दाराशी टेकून रडत उभी आहे आणि तिच्या मागे दाराची काळी चौकट आहे. त्या काळोखातून मुखवटा हळूहळू वर येतो. तो माणूस पुढे सरकलेला नाही, तो तिथेच उभा होता. मुखवट्यावरचा मंद निळसर प्रकाश तेवढा सावकाश वाढवला आहे. एक लहानसा दिवा आणि तो हळूहळू वाढवणारा हात, एवढ्यावर निघालेले हे दृश्य आहे, आणि पुढे कोट्यवधी खर्चून केलेल्या यंत्रांच्या करामतींनाही त्याची सर येत नाही.

संगीताचेही तसेच. ते कार्पेंटर यांनी स्वतः केले, कारण दुसऱ्याला देण्याइतके पैसे नव्हते. पाच मात्रांचा तो पियानोचा ठेका कुठेच स्थिरावत नाही, समेवर आलो असे वाटेपर्यंत पुढचे आवर्तन सुरू झालेले असते. संगीत घालण्यापूर्वी एका मोठ्या चित्रसंस्थेतील अधिकारी बाईंना हा चित्रपट दाखवला तेव्हा त्यांना जराही भीती वाटली नाही, असे कार्पेंटर यांनीच लिहून ठेवले आहे. ही आठवण दोन्ही तटांना उपयोगी पडेल, कारण तिच्यातून बलस्थान आणि उणीव दोन्ही दिसतात. नुसत्या चित्रांच्या जोरावर हा चित्रपट उभा राहत नव्हता.

आता उणिवा. सुरुवातीचे ते लांबलचक, एकसलग भासणारे दृश्य आपण सारे डोक्यावर घेतो. कॅमेरा घराबाहेरून खिडकीशी, स्वयंपाकघरात, सुरी उचलून जिन्यावर, मुखवटा लावून बहिणीच्या खोलीत जातो आणि शेवटी कळते की हे सगळे आपण एका सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी पाहत होतो. धक्का मोठाच आहे. पण दृष्टीची उंची पाहा: ती थोराची आहे, सहा वर्षांच्या मुलाची नाही. पडद्यावर दिसणारे ते हातही सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल यांचे आहेत. हे पैशामुळे झाले असे म्हणता येणार नाही. कॅमेरा कमरेइतक्या उंचीवर ठेवायला जास्तीचा डॉलर लागला नसता, मात्र धक्का आधीच फुटण्याचा धोका होता. इथे धक्का वाचवण्यासाठी सत्य सोडले आहे, असे माझे मत आहे.

मायकलच्या मागावर आलेले त्याचे मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर लूमिस, यांचे पात्र मला अधिक खटकते. डोनाल्ड प्लेझन्स हे त्यातले नावाजलेले नट, आणि ते मिळाले होते अवघे पाच दिवस. म्हणूनच हे डॉक्टर अर्धा चित्रपट जुन्या घरासमोरच्या झुडपाशी उभे राहून मूर्तिमंत दुष्टतेवर प्रवचन देतात, आणि मायकलच्या ज्या मोटारीच्या शोधात ते आहेत ती जवळच्याच रस्त्यावर उभी असताना फार उशिरा त्यांच्या नजरेस पडते, असा माझा तर्क आहे. नट पाच दिवस मिळाला हे समजू शकते. पण पात्राला एका जागी खिळवण्यासाठी अधिक शहाणे कारण लिहिता आले असते. आणि लॉरीने खुन्याला पाडल्यावर सुरी त्याच्याजवळच टाकून द्यावी, तेही दोनदा, याला तर कागदावरचा आळस याखेरीज दुसरे नाव नाही.

पाटांगण, अंबाजोगाई

नांदेडच्या मित्रांनी कॅमेरा आणि संगीत यांविषयी जे लिहिले त्याला माझी पूर्ण मान्यता आहे. मात्र प्रश्न ‘सणाच्या भयपटा’चा आहे आणि सणाविषयी अजून कोणीच बोललेले नाही. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. ‘हॅलोवीन’मध्ये सण फार विरळ आहे. सणाची रात्र असूनही मुलींच्या त्या गल्लीत सोंगे घेतलेली मुले रात्री दिसतच नाहीत. गर्दीसाठी माणसे आणायला पैसे नव्हते हे उघड आहे, आणि रिकामी गल्ली भीतीला पोषक आहे हेही खरे; पण ज्या रात्री गावभर मुखवटे फिरत असायला हवेत त्या रात्री एकच मुखवटा फिरत असेल तर सणाचा फायदा काय?

याआधी चार वर्षे, १९७४ साली, बॉब क्लार्क या दिग्दर्शकाने कॅनडात टोरांटो येथे ‘ब्लॅक ख्रिसमस’ नावाचा चित्रपट केला. तोही थोड्या पैशांतला. नाताळच्या सुट्टीपूर्वी मुलींचे एक वसतिगृह रिकामे होत चालले आहे आणि माळ्यावर एक माणूस लपून बसला आहे. एक मुलगी पहिल्याच रात्री मारली जाते, पण कोणाला शंका येत नाही, कारण सगळ्यांच्याच पेट्या भरलेल्या आहेत आणि प्रत्येकीला वाटते की ती गावी गेली असेल. वडील न्यायला येतात आणि ती ठरल्या जागी भेटत नाही, तेव्हा शोध सुरू होतो. पुढे वसतिगृहाच्या बाई नाहीशा होतात, तर त्याही सुट्टीला निघालेल्याच असतात. एका प्रसंगात दारात लहान मुलांचा मेळा नाताळची गाणी म्हणत उभा आहे, नायिका दारात उभी राहून ती ऐकते आहे, आणि त्याच वेळी वरच्या खोलीत तिच्या मैत्रिणीचा खून होतो आहे. गाण्यांमुळे तिचा आवाज खाली पोहोचत नाही. इथे सण खुन्याचे निम्मे काम करतो. सण काढून घ्या, कथा कोसळेल. ‘हॅलोवीन’मधून सण काढला तर नाव बदलावे लागेल आणि मुखवटा कुठून आला ते सांगावे लागेल, बाकी चित्रपट बराचसा तसाच राहील.

त्या चित्रपटात दूरध्वनी शोधण्याचा एक प्रसंग आहे. तो जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या आठवणी असलेल्या वाचकांना फार आवडेल. खुनी वसतिगृहात फोन करून घाणेरडे बरळतो आणि पोलिसांना तो कुठून बोलतो ते हवे आहे. त्यासाठी एक कर्मचारी यंत्रांच्या उंच मांडण्यांमधून अक्षरशः धावतो, खटखट आवाज करणाऱ्या एकेका यंत्रापाशी थांबतो, पुढची मांडणी गाठतो, आणि तेवढा वेळ नायिकेला त्या माणसाचे बोलणे ऐकत फोन धरून ठेवावा लागतो. ताण कसा वाढवावा याचा तो वस्तुपाठ आहे. पार्श्वसंगीतासाठी पियानोच्या तारांना काटे आणि कंगवे बांधले होते, म्हणजे काटकसर आणि कल्पकता तिथेही हातात हात घालून चालली होती.

उणीव तिथेही आहे आणि ती लहान नाही. मुलगी हरवली म्हणून पोलीस बागा पालथ्या घालतात, पण ती राहत होती त्या घराचा माळा कोणी पाहत नाही, आणि तिचे प्रेत माळ्याच्या खिडकीत रस्त्याकडे तोंड करून बसलेले असते! ‘हॅलोवीन’मधली सुरी टाकणे याच्यापुढे क्षम्य वाटते. मंडळात शक्य असल्यास दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत.

तेरणाकाठ, धाराशिव

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. येळवस हा काळ्या आईच्या पूजेचा दिवस आहे आणि त्या दिवशी शेतात खून दाखवणे अनेकांना रुचणार नाही, याचा विचार आधीच केलेला बरा. अमेरिकेत १९८४ साली ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ या चित्रपटात सांताक्लॉजच्या वेशातील खुनी दाखवला तेव्हा दूरचित्रवाणीवरील जाहिराती पाहून पालक खवळले, चित्रपटगृहांसमोर निदर्शने झाली आणि वितरकाला चित्रपट काढून घ्यावा लागला. तो चित्रपट तसाही सुमारच होता. वादामुळे तो अजरामर झाला, एवढेच.

माझा विरोध विषयाला नाही. परंतु सणाची विटंबना होते ती देवता किंवा विधी यांना खुन्याच्या हातचे हत्यार केल्याने. सणामुळे माणसे जिथे असतात, जशी वागतात, त्याचा उपयोग करण्याला कोणी विटंबना म्हणणार नाही. कोपीत पांडव म्हणून पुजल्या जाणाऱ्या दगडांच्या आसपास कॅमेरा फिरकू नये, असे मी आपल्या मित्राला सांगेन.

मांजराकाठ, लातूर

आपणा सर्वांचे आभार. अंबाजोगाईच्या पाटांगणकरांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला, पण तो पूर्णपणे मान्य करण्यापूर्वी दोन प्रसंग समोर ठेवतो. एका प्रसंगात खुनी अंगावर पांढरी चादर घेऊन, वरून मारलेल्या मुलाचा चष्मा लावून दारात उभा राहतो, आणि पलंगावरची लॉरीची मैत्रीण लिंडा त्याला आपला मित्र समजून थट्टा करीत राहते. सणाची रात्र नसती तर चादर पांघरलेल्या माणसाला पाहून कोणीही किंचाळले असते. दुसरा प्रसंग त्याहून कठोर आहे. जिवाच्या आकांताने धावणारी लॉरी शेजारच्या घराचे दार बडवते, मदतीसाठी ओरडते. ओसरीवरचा दिवा लागतो, पडद्याच्या फटीतून कोणीतरी पाहते, आणि दिवा विझतो. आतल्या माणसाला हा सणाच्या रात्रीचा पोरखेळ वाटला असावा. माझ्या दृष्टीने संपूर्ण चित्रपटात याहून भयंकर काही नाही, आणि त्यात खुनी चौकटीतही नाही.

म्हणून सण विरळ आहे हे मान्य, पण जिथे आहे तिथे अगदी नेमका लागला आहे, एवढी दुरुस्ती मी सुचवतो. आता येळवसेविषयी आणखी कोणी लिहावे, अशी विनंती.

बाभूळबन, उदगीर

लहान मंडळींसोबत लघुपट करण्याचा थोडा अनुभव गाठीशी आहे, म्हणून लिहितो. लॉरीने बडवलेल्या दाराचा जो प्रसंग आपण सांगितला, त्यातच आपल्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या रात्री अमेरिकेतला माणूस मदतीच्या हाकेवर विश्वास ठेवीत नाही. येळवसेला आपल्याकडे काय होते? त्या दिवशी अनोळखी माणसाला कोणी ‘तू कोण, कुठला’ असे विचारीत नाही. बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून कोपीपाशी बसवतात, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील वाढतात, आणि तो नको म्हणाला तर उलट वाईट वाटते. एरवी शेतात नवखा माणूस दिसला की चौकशी होते; वर्षातला हाच एक दिवस असा की परका माणूस कोणत्याही शेतात जाऊन पंगतीला बसू शकतो आणि संध्याकाळी त्याच्याविषयी विचारले तर प्रत्येक घर म्हणेल, आम्हाला वाटले तो तुमच्याकडचा पाहुणा. तुमच्या मित्राला मुखवट्याची गरजच नाही. मार्गशीर्षातल्या थंडीत तोंडाला मफलर आणि अंगावर घोंगडी असलेला माणूस कोणाच्याही लक्षात राहत नाही. अमेरिकेतल्या सणात माणूस सोंगामुळे ओळखू येत नाही, आपल्याकडे आदरातिथ्यामुळे. त्याने हा धागा धरला तर नकलेचा प्रश्नच उरणार नाही.

जागेच्या बाबतीतही निसर्गाने पदरमोड केली आहे. त्या दिवसांत रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली असते, माणूस आत शिरला की दिसत नाही, पण वारा नसताना धाटे हलली की कळते. तूर वाळत आलेली असते आणि तिच्या शेंगांचा खुळखुळाट दुरून ऐकू येतो. नांदेडच्या मित्रांनी रुंद चौकटीतल्या रिकाम्या जागेविषयी लिहिले आहे. इथे ती रिकामी जागा ज्वारीने भरलेली आहे आणि तरीही प्रेक्षक तिच्याकडेच पाहील. उन्हातल्या चादरींच्या जागी उन्हातली ज्वारी, फक्त ती कधी हलवायची याचा हिशेब चोख हवा. पिकावर आंबील शिंपडताना जो पुकारा होतो तो एका शेतातून उठला की शेजारच्या शेतातून त्याला जोड मिळते. नाताळच्या गाण्यांखाली दबलेल्या आवाजाविषयी वर वाचले, त्यावरून पुढचे मी सांगायला नको.

मात्र एक प्रश्न मित्राने पहिल्यांदा सोडवावा. ‘हॅलोवीन’मध्ये मोठी माणसे घराबाहेर आहेत म्हणून मुली एकट्या आहेत. येळवसेला शेतावर कोणीच एकटे नसते, भावकी, पाव्हणेरावळे, शाळेतली पोरे अशी सगळी गर्दी असते. एकटी माणसे असतात ती मागे, शहरात. लातुरात क्लाससाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या मुली खोल्या घेऊन राहतात. त्या दिवशी क्लास बंद, मेस बंद, घरमालक सहकुटुंब शेतावर, आणि गल्लीत चिटपाखरू नाही. मैत्रिणीने जेवायला बोलावले म्हणून एक मुलगी अनोळखी शिवारात जाते आणि दुसरी तापामुळे खोलीवर थांबते, असे काही केले तर शेत आणि शहर या दोन्ही जागा कथेत येतात, आणि दोघींमधला दुवा मोबाइलचा उरतो. शिवारात नेटवर्क कुठे आहे आणि कुठे नाही, हे तर प्रत्येक लातूरकराला पाठ असते.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की रात्रीचे चित्रीकरण टाळता येईल तितके टाळावे. हौशी लघुपट रात्रीच्या दृश्यांत फसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळोख करडा आणि दाणेदार दिसतो, आणि शेतात प्रकाश करायचा म्हणजे जनरेटर आला, त्याचा आवाज आला. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात तेवढाच काळ अंधाराचा ठेवावा. आगीच्या उजेडात फिरणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो न दिसतो, आणि अमावस्येमुळे बाकी सगळे काळे, असा प्रकाश विकत घेऊन मिळत नाही. हेंडग्याजवळ वाळलेला कडबा असतो, म्हणून पाण्याची टाकी आणि शेताचा मालक, दोन्ही हाताशी असू द्यावेत. जो पैसा वाचेल तो ध्वनीवर घालावा, म्हणजे बऱ्यापैकी माइक भाड्याने आणावा आणि त्याला वारारोधक आवरण घ्यावे. संगीताशिवाय ‘हॅलोवीन’ची जी गत झाली ती वर आलीच आहे.

खुनी कोण आणि त्याने हे का केले, याचे उत्तर शेवटी देण्याचा मोह मित्राला होईल. तो आवरायला सांगा. ‘हॅलोवीन’च्या शेवटी डॉक्टर लूमिस यांच्या सहा गोळ्या खाऊन सज्जावरून पडलेला मायकल खाली पाहिले तर नाहीसा झालेला असतो, आणि मग एकेक रिकामी खोली दाखवून त्यावर फक्त श्वासाचा आवाज ठेवला आहे. त्यानंतर १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी ही त्याची बहीणच असल्याचा खुलासा केला आणि कुणाच्याही दारात येऊ शकणारा माणूस एका घरच्या भांडणापुरता उरला. भावकीतला बांधाचा वाद हे आपल्याकडचे आयते कारण आहे, आणि म्हणूनच ते कथेत येऊ देऊ नये, नाहीतर भयपटाचा तालुका कोर्टातला दावा होईल.

राहता राहिली मंडळातली चर्चा. तरुण सभासदांना आधीच बलस्थाने सांगत बसू नका, चित्रपट सुरू करा. फक्त खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे लावा आणि प्रोजेक्टरचा उजेड आधी तपासून घ्या, कारण लॉरीच्या मागच्या काळोखातून वर येणारा तो मुखवटा फिकट पडद्यावर सुरुवातीपासूनच दिसतो आणि मग ‘यात घाबरण्यासारखे काय आहे’ हा त्यांचा प्रश्न रास्त ठरतो.